चार विश्वे आणि एक मारेकरी : जोआना रस यांची ‘द फीमेल मॅन’



जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असेल. एका अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका मुंबईत जाऊन पोहोचतात, की जिच्या इतिहासात 1761 चे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या विश्वात चुकली, एवढाच काय तो फरक. पण त्या एका फरकातून पुढचा सगळा इतिहास वेगळा झाला. गंगाधरपंत ते विश्व पाहतात, चकित होतात, परत येतात आणि जे पाहिले त्याचा अर्थ लावू लागतात. समांतर विश्वात गेलेल्या माणसाचे हे एक रूप झाले. अभ्यासक पाहुण्याचे हे रूप आहे.

प्रस्तुत घटकात आपण याच कल्पनेचे अगदी निराळे रूप पाहणार आहोत. अमेरिकन लेखिका जोआना रस यांच्या ‘द फीमेल मॅन’ या 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत एका विश्वातून दुसऱ्या विश्वात जाणारी व्यक्ती पाहुणी नाही, अभ्यासकही नाही. ती व्यवसायाने मारेकरी आहे. तिची नखे ही शस्त्रे आहेत, दात पोलादाचे आहेत, आणि ती तीन वेगवेगळ्या विश्वांतील तीन स्त्रियांना एकत्र आणते ते एका मागणीसाठी. ती मागणी काय आणि तिला मिळालेल्या उत्तरांचा अर्थ काय, या प्रश्नांभोवतीच ही कादंबरी उभी आहे. (लेखिकेच्या आडनावाचा आपल्या रससिद्धान्ताशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

लेखिका आणि काळ

जोआना रस (1937–2011) यांचा जन्म न्यूयॉर्कचा. त्यांचे शिक्षण कॉर्नेल विद्यापीठात आणि पुढे येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयात झाले. नंतर त्यांनी विद्यापीठांतून इंग्रजी साहित्याचे अध्यापन केले. 1960 च्या दशकाअखेरीस अमेरिकेत स्त्रीमुक्तीची दुसरी लाट उसळली होती. त्याच वेळी विज्ञानसाहित्यातही बदल होत होते. अवकाशयाने आणि यंत्रमानव यांच्यापलीकडे जाऊन समाजरचना, लिंगभेद, भाषा यांविषयी प्रश्न विचारणारे लेखन येऊ लागले होते. उर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी 1969 ची. ‘द फीमेल मॅन’चे लेखनही त्याच सुमाराचे, परंतु पुस्तक वाचकांच्या हाती पडायला 1975 साल उजाडावे लागले.

मधल्या काळात, 1972 मध्ये, रस यांची ‘व्हेन इट चेंज्ड’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि तिला नेब्यूला हा विज्ञानकथेच्या क्षेत्रातील मानाचा पुरस्कार मिळाला. व्हाइलअवे नावाच्या ग्रहावर एका साथीत सर्व पुरुष मरण पावले आहेत. शतकानुशतके केवळ स्त्रियांचा समाज तेथे सुखाने नांदतो आहे, आणि एके दिवशी पृथ्वीवरून पुरुष येऊन उतरतात, असे तिचे कथानक. कादंबरीत हे व्हाइलअवे पुन्हा येते, पण वेगळ्या रूपात. तेथे तो परका ग्रह राहत नाही. ती आपलीच पृथ्वी असते, फक्त दुसऱ्या एका शक्यतेतली.

समांतर विश्वांची कल्पना

आता या ‘दुसऱ्या शक्यते’चा अर्थ थोडा उलगडून पाहू. पुंजयामिकी, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरील भौतिकशास्त्र, एक विचित्र गोष्ट सांगते. एखादा इलेक्ट्रॉन पुढे कोठे सापडेल हे निश्चित सांगता येत नाही. अनेक शक्यता असतात आणि मापन केले की त्यांपैकी एकच प्रत्यक्षात आढळते. मग उरलेल्या शक्यतांचे काय होते? 1957 मध्ये ह्यू एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने असे मांडले, की त्या नाहीशा होतच नाहीत. प्रत्येक शक्यता आपापल्या शाखेत साकार होते. आपण मात्र एकाच शाखेत असल्याने आपल्याला एकच दिसते. हा सिद्धान्त पुढे ‘अनेक विश्वांचा अर्थ’ या नावाने ओळखला जाऊ लागला. भौतिकशास्त्रज्ञांमध्ये त्यावर आजही एकमत नाही. शिवाय या सिद्धान्तानुसार वेगळ्या झालेल्या शाखांमध्ये ये-जा करता येत नाही. ती सोय कथाकारांनी स्वतःच्या जबाबदारीवर करून घेतली आहे. कथाकारांना ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञांच्या आधीच सुचली होती, हेही लक्षात ठेवावे. मरे लेन्स्टर यांची ‘साइडवाइज इन टाइम’ ही कथा 1934 ची, तर बोर्हेस यांची फाटे फुटत जाणाऱ्या वाटांच्या बागेची कथा 1941 ची आहे.

रस यांनी कादंबरीच्या पहिल्याच भागात आपल्या विश्वांचे नियम सांगून टाकले आहेत. प्रत्येक निवडीच्या क्षणी किमान दोन विश्वे जन्म घेतात. म्हणून एका विश्वातून निघून तुम्ही भूतकाळात गेलात, तरी तो तुमचा भूतकाळ नसतो, दुसऱ्या कोणाचा तरी असतो. व्हाइलअवे हे पृथ्वीचे भविष्य आहे, पण आपल्या पृथ्वीचे भविष्य असेलच असे नाही.

वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या नियमाकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण मारेकऱ्याच्या पात्राचा सगळा अर्थ त्यावर अवलंबून आहे. कालप्रवासाच्या कथांतून येणारा मारेकरी सामान्यतः इतिहास दुरुस्त करायला निघतो: भूतकाळात जाऊन एखाद्या हुकूमशहाला पाळण्यातच संपवावे आणि वर्तमान सुधारावा. रस यांच्या विश्वात हे शक्यच नाही. दुसऱ्या विश्वात कितीही माणसे मारली, तरी तुमच्या स्वतःच्या विश्वातला एक दिवसही बदलणार नाही. मग मारेकऱ्याने सीमा ओलांडायची ती कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर अगदी व्यवहारी आहे, आणि तिकडे आपण थोड्या वेळाने वळू.

चार ‘ज’

कादंबरीच्या केंद्रस्थानी चार स्त्रिया आहेत. चौघींची नावे एकाच अक्षराने सुरू होतात आणि चौघींचा जनुकीय वारसा एकच आहे. म्हणजे या चार बहिणी नव्हेत, चार जुळ्याही नव्हेत. एकच व्यक्ती चार वेगवेगळ्या विश्वांत वाढल्यामुळे चार प्रकारे घडलेली आहे.

पहिली जनीन. तिच्या विश्वात दुसरे महायुद्ध झालेच नाही, पण 1929 नंतरची आर्थिक मंदीही संपली नाही. ती न्यूयॉर्कमध्ये ग्रंथालयात काम करते. वयाची तिशी जवळ आली आहे, लग्न झालेले नाही. भाऊ, आई, शेजारपाजार सगळ्यांचे एकच टुमणे. कॅल नावाचा एक मित्र आहे. त्याच्याशी लग्न करावे असे तिला वाटत नाही, आणि करू नये असे म्हणण्याचे बळही तिच्यात नाही. खिडकीशी बसून कोणीतरी येईल आणि आपले आयुष्य सुरू होईल, याची ती वाट पाहते. या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींपैकी काहींना जनीन फार दूरची वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

दुसरी जोआना. ती आपल्याच विश्वातली, 1969 च्या अमेरिकेतली. ती प्राध्यापिका आहे आणि लेखिकेचे नाव धारण करते. तिला सगळे दिसते, कळते, आणि संताप येतो. पण कोणत्या प्रसंगी हसायचे, कोणत्या प्रसंगी गप्प बसायचे, हे तिने फार वर्षांपूर्वी शिकून ठेवले आहे.

तिसरी जॅनेट, व्हाइलअवेची. तिच्या जगात कित्येक शतकांपूर्वी साथीत पुरुष नष्ट झाले. दोन स्त्रियांच्या बीजांडांच्या संयोगातून तेथे मुली जन्माला येतात. कामाचा आठवडा सोळा तासांचा असतो. आईला मूल झाले की काही वर्षे ती फक्त त्याच्यासोबत असते. मग एक दिवस ते शाळेसाठी दूर नेले जाते आणि दोघींचाही आकांत होतो. जॅनेट तेथे शांतता व सुरक्षा अधिकारी आहे, तिला पत्नी आहे, मुलगी आहे. ती आपल्या विश्वात येते तेव्हा तिला कशाचीच भीती वाटत नाही, कारण भ्यावे हे तिला कोणी शिकवलेलेच नाही. मेजवानीचा प्रसंग यासाठी आवर्जून वाचावा. यजमान जॅनेटच्या अंगचटीला येतो. जोआना तिला सावरून घेण्याच्या धडपडीत असते. जॅनेट मात्र त्याला सरळ जमिनीवर लोळवते. तेव्हा तो बिचारा आपली निळी पुस्तिका काढून अशा वेळी पुरुषाने काय म्हणायचे असते ते शोधू लागतो. मूळ प्रसंग विनोदी आहे. वाचून झाल्यावर मात्र आपल्याही खिशात अशी एक पुस्तिका आहे की काय, असा संशय येतो.

चौथी जेएल. आपला मारेकरी तीच.

जेएल : नाव, नखे आणि नोकरी

तिचे पूर्ण नाव ॲलिस जेएल रीझनर. ‘जेएल’ हे बायबलमधील नाव आहे. मराठी बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकात ते ‘याएल’ असे येते. पराभूत सेनापती सीसरा आश्रयासाठी याएलच्या तंबूत येतो. ती त्याला दूध पाजते, पांघरूण घालते, आणि तो झोपल्यावर तंबूची मेख त्याच्या कानशिलातून आरपार ठोकते. ‘रीझनर’ या आडनावात विचार करणे, तर्क करणे हा अर्थ आहे. हत्या आणि तर्क एकाच नावात बांधून लेखिकेने पात्राची कुंडलीच मांडली आहे, असे म्हणता येईल.

जेएलच्या विश्वात स्त्रिया आणि पुरुष यांच्यात चाळीस वर्षे युद्ध चालू आहे. पृथ्वी दोन राष्ट्रांत विभागली गेली आहे: एक स्त्रियांचे, एक पुरुषांचे. युद्ध थंडावले आहे, व्यापार मात्र चालतो. पुरुषांच्या राष्ट्राला मुले जन्माला घालता येत नाहीत, म्हणून ते स्त्रियांच्या राष्ट्राकडून मुलगे विकत घेते. तेथे काही पुरुषांना शस्त्रक्रियेने स्त्रीसारखे बनवले जाते. उरलेले पुरुष ‘पुरुष’ राहावेत म्हणून कोणीतरी ‘स्त्री’ असणे त्या समाजाला आवश्यक वाटते. स्त्रियांचे राष्ट्रही निर्मळ नाही. जेएलच्या घरी डेव्ही नावाचा एक देखणा तरुण आहे. त्याला स्वतःचे मन उरलेले नाही. तो घरातील यंत्रणेचाच एक भाग आहे आणि जेएल त्याचा उपभोग घेते. हा प्रसंग वाचताना पुष्कळ वाचक अस्वस्थ होतात, आणि लेखिकेला ते हवेच आहे. शतकानुशतके साहित्यात मूक, सुंदर, आज्ञाधारक स्त्री रंगवली गेली. तीच आकृती पुरुषाच्या देहात ठेवली की आपण दचकतो.

जेएल एका शासकीय कार्यालयात नोकरी करते. त्याचे नाव ‘तुलनात्मक मानववंशशास्त्र कार्यालय’ अशा अर्थाचे, अगदी निरुपद्रवी आहे. वेषांतर ही तिची खासियत. एका मागासलेल्या राजेशाही विश्वात तिने पुरुषाच्या वेषातही काम केले आहे, कारण तेथे स्त्री म्हणून तिला कोणतीच सत्ता हाताळता आली नसती. तिच्या बोटांच्या टोकांत नखे दडवलेली आहेत. रुपेरी केस, काळा पोशाख. कादंबरीच्या सुरुवातीपासून मधूनमधून एक निनावी आवाज आपल्याशी बोलत असतो. तो तिचाच होता, हे आपल्याला फार उशिरा, आठव्या भागात उमगते. म्हणजे ती आपल्याला दिसण्याच्या आधीपासून आपल्याकडे पाहत होती. मारेकऱ्याच्या पात्रासाठी याहून समर्पक निवेदनतंत्र शोधून सापडणार नाही.

आठव्या भागात ती तिघींना घेऊन पुरुषांच्या राष्ट्रात जाते. तेथील एका बड्या पुढाऱ्याशी बोलणी व्हायची असतात. तो बोलतच राहतो. युद्ध पुरे झाले, दोघांनी पुन्हा एकत्र यावे, स्त्रीला पुरुषाची गरज आहेच, असे त्याचे म्हणणे. आपण किती उदार आहोत याची त्याला खात्री आहे. जेएल काहीही म्हणाली तरी त्याला ऐकू येते ते आपलेच वाक्य. शेवटी तो तिच्या अंगावर येतो आणि ती त्याला नखांनी फाडून ठार करते.

हे आवश्यक होते का, असा प्रश्न तिला विचारला जातो. येथे सामान्य कादंबरीकाराने जेएलच्या तोंडी स्वसंरक्षणाचे कारण घातले असते. रस तसे करत नाहीत. आवश्यकतेची आपल्याला पर्वा नाही, आपल्याला ते आवडले, अशा आशयाचे उत्तर जेएल देते. वाचकाच्या सहानुभूतीचा दोर लेखिकेने स्वतःच्या हाताने कापला आहे. माझ्या मते संपूर्ण कादंबरीतील हे सर्वांत धाडसी स्थळ होय. जेएलची बाजू न्याय्य वाटू लागते तेव्हाच तिची भीती वाटते, आणि भीती वाटते म्हणून तिची बाजू खोटी ठरवून टाकावी, ही पळवाटही आपल्याला मिळत नाही.

थोडे थांबून विचार करा : हाच प्रसंग पुरुष नायकाच्या हातून घडला असता, त्याने सूड घेऊन समाधान व्यक्त केले असते, तर आपली प्रतिक्रिया काय झाली असती? आपण पाहिलेल्या एखाद्या चित्रपटातील प्रसंग आठवून दोन्ही प्रतिक्रियांची तुलना करा.

मागणी आणि तीन उत्तरे

जेएलने तिघींना एकत्र आणले ते त्यांच्या विश्वांत जागा मागण्यासाठी: सैन्याला तळ हवेत, साहित्य लपवायला ठिकाणे हवीत. विश्वांच्या नियमांविषयी वर जे म्हटले, त्याचा उलगडा येथे होतो. दुसऱ्याचे विश्व बदलून आपला इतिहास बदलत नसेल, तर त्या विश्वाचा उपयोग एकच उरतो: पिछाडीचा तळ. मारेकऱ्याच्या विश्वप्रवासामागे अशी कोरडी लष्करी गरज आहे.

जॅनेट नकार देते. जनीन होकार देते. घाबरट, गोंधळलेली, नेहमी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारी जनीन काही न अडखळता हो म्हणते. सैनिक हवे तेवढे आणा, तिची हरकत नाही. पुष्कळ समीक्षकांचे लक्ष जेएल आणि जॅनेट यांच्या वादाकडे जाते. मला मात्र जनीनचा हा होकार अधिक बोलका वाटतो. जिला गमावण्यासारखे सर्वांत कमी आहे आणि जिने आयुष्यात कधी राग व्यक्त केलेला नाही, तिलाच मारेकऱ्याची भाषा सर्वांत आधी कळते. जॅनेट नाही म्हणू शकते, कारण तिला लढावेच लागलेले नाही.

पण खरेच लागलेले नाही का? जॅनेटच्या नकारावर जेएल तिला एक गोष्ट सुनावते. तुमच्या इतिहासात जी साथ सांगितली जाते ती थाप आहे. पुरुष रोगाने मेले नाहीत, आम्ही मारले. तुमची फुले, तुमची शांतता, तुमच्या मुली हे सगळे आमच्या युद्धाने उभे केले आहे. जॅनेटला हे पटत नाही.

कोणाचे खरे? विद्यार्थ्यांनी घाईने निर्णय देऊ नये. पहिल्या भागातील नियम आठवा. जेएलचे विश्व हा व्हाइलअवेचा भूतकाळ आहे, असे कादंबरी कोठेही निश्चितपणे सांगत नाही. तो फार तर एक संभाव्य भूतकाळ आहे. म्हणजे जेएलचा दावा तिच्याच विश्वाच्या नियमांनुसार सिद्ध करता येत नाही, आणि खोडूनही काढता येत नाही. मारेकऱ्याला आपल्या कृत्याचे फळ पाहायचे आहे, कोणीतरी आपल्याला कारण म्हणावे असे वाटते आहे, आणि विश्वरचना नेमके तेवढेच तिला नाकारते. जेएलच्या पात्रातला करुण रस, हा शब्द येथे आपल्या काव्यशास्त्रीय अर्थानेच वापरतो आहे, या नाकारण्यात आहे.

दुसऱ्या बाजूने, जॅनेटचे हातही पूर्णपणे कोरे नाहीत. द्वंद्वयुद्धात माणूस मारण्याची रीत व्हाइलअवेत आहे आणि जॅनेटने ती पाळली आहे. समाजाशी नाते तोडून एकटी निघून गेलेल्या एका वृद्धेचा माग काढून जॅनेट तिला गोळी घालते, कारण ते तिचे कर्तव्य असते. हा प्रसंग लहान आहे, वाचताना सहज निसटतो. शांतता अधिकारी आणि मारेकरी यांच्यातले अंतर आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे, हे लेखिका येथे एकाच परिच्छेदात दाखवून जाते.

भारतीय वाचकाला या ठिकाणी बेगम रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही 1905 मधील इंग्रजी कथा आठवेल. तेथील स्त्रीराज्यात पुरुष पडद्याआड, मर्दान्यात बसवलेले आहेत. पुरुष काही तक्रार न करता आत गेले आणि स्त्रियांनी शत्रूला सूर्यकिरणांच्या उष्णतेने पळवून लावले. रुकैयांची कथा हसतखेळत उलटापालट करते. सत्तर वर्षांनंतर रस तीच उलटापालट हातात घेतात आणि विचारतात, की हे घडवून आणताना नेमके कोणाला काय करावे लागले?

‘फीमेल मॅन’ मराठीत कसे म्हणावे?

शीर्षकाकडे आता वळू. मराठीच्या विद्यार्थ्यांना यात विशेष गोडी वाटेल. इंग्रजीत ‘मॅन’ म्हणजे पुरुष आणि ‘मॅन’ म्हणजे मनुष्यही. जोआनाचा युक्तिवाद असा: मानवजातीविषयी बोलताना सगळीकडे ‘मॅन’च म्हणतात, मीही त्या जातीत मोडते, तेव्हा मला माणूस म्हणून वागवून घ्यायचे असेल तर मला ‘मॅन’ व्हायला हवे. म्हणून ती स्वतःला स्त्री असलेला ‘मॅन’ म्हणवून घेते.

मराठीत हा श्लेष तसाच साधत नाही, कारण आपल्याकडे ‘पुरुष’ आणि ‘माणूस’ असे दोन शब्द आहेत. एवढेच नव्हे, तर ‘बाईमाणूस’ हा शब्दही आपल्याकडे पूर्वापार आहे! अक्षरशः पाहिले तर ‘फीमेल मॅन’चा हा तंतोतंत अनुवाद. पण तो वापरतो कसा? ‘ती बाईमाणूस, ती काय करणार’, ‘बाईमाणसाने एवढ्या रात्री’. माणूसपण मान्य करण्यासाठी जो शब्द घडलेला दिसतो, तोच माणूसपण उणे करण्यासाठी वापरला जातो. ‘पुरुषमाणूस’ या शब्दाच्या वापरात असे काही उणे होत नाही. जोआनाला इंग्रजीत जे सिद्ध करायला नऊ भाग लागतात, ते मराठीत एका शब्दाच्या दोन उपयोगांतून दाखवता येईल.

दुसरी अडचण क्रियापदाची. कादंबरीत चौघीही ‘मी’ म्हणून बोलतात. कोण बोलते आहे हे पुष्कळदा लेखिका सांगत नाही, आणि इंग्रजी ‘मी’ला लिंग नसते. मराठीत ‘मी आले’ आणि ‘मी आलो’ यांतून बोलणाऱ्याचे लिंग लगेच उघड होते. मग जोआना स्वतःला ‘मॅन’ म्हणू लागते त्या क्षणापासून अनुवादकाने ‘मी आलो’ लिहावे काय? मराठी वाचकाला हा बदल इंग्रजी वाचकापेक्षा कितीतरी जोरात जाणवेल. मात्र कोल्हापूरकडील वाचकाला तो फारसा जाणवणार नाही, कारण तिकडच्या बोलीत स्त्रिया सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यामुळे कोणाचे स्त्रीत्व कमी झाल्याचे ऐकिवात नाही. प्रमाणभाषा ज्याला नियम म्हणते तो बोलीत नियम नसतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

स्वागत, आक्षेप आणि वाचन

या कादंबरीला सरळ कथानक नाही. नऊ भाग, त्यांत लहान-मोठे क्रमांकित तुकडे. मध्येच संवाद नाटकासारखे, मध्येच निबंध, मध्येच यादी. अशा लेखनाला कोणती दूषणे मिळतील हे लेखिकेला ठाऊक होते. म्हणून सातव्या भागात तिने भावी समीक्षकांच्या वाक्यांचे तुकडे स्वतःच ओळीने मांडून ठेवले आहेत. आक्रस्ताळेपणा, कलाहीनता, पुरुषद्वेष असे सगळे आरोप पुस्तकातच छापलेले असल्याने समीक्षकाला नवा शब्द शोधणे भाग पडते. आपल्याकडे ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (1882) या निबंधाच्या वाट्याला त्यातील भाषेच्या तिखटपणामुळे टीका आली आणि महात्मा फुले यांना ‘सत्सार’मधून तिची बाजू घ्यावी लागली, हे आपण जाणतोच. संताप हा स्त्रीच्या लेखनात दोष कसा ठरवला जातो, हा रस यांच्या चिंतनाचा कायमचा विषय राहिला. त्यावर त्यांनी 1983 मध्ये ‘हाऊ टु सप्रेस विमेन्स रायटिंग’ हे स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

सर्वच आक्षेप मात्र असे उडवून लावण्याजोगे नाहीत. पुरुषांच्या राष्ट्रातील, शस्त्रक्रियेने बदललेल्या व्यक्तींचे चित्रण पारलिंगी माणसांकडे तुच्छतेने पाहते, असा आक्षेप पुढील पिढीच्या वाचकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. रस यांना तेथे पुरुषी समाजाच्या गरजेचे व्यंगचित्र काढायचे होते. परंतु त्या व्यंगाचा मार ज्यांच्यावर पडतो ती माणसे कादंबरीत माणसे म्हणून येतच नाहीत.

मूळ पुस्तक मिळाले तर ते पहिल्या पानापासून वाचावे. जेएल आठव्या भागात भेटते हे कळल्यावर तेथूनच सुरुवात करण्याचा मोह होईल. पण तसे केल्यास त्या निनावी आवाजाची ओळख पटण्याचा क्षण हातचा जाईल. पहिल्या वाचनात ‘मी’ कोण, याचा सर्वत्र उलगडा होणार नाही. तेथे अडून न राहता समासात पेन्सिलीने नुसते प्रश्नचिन्ह करून पुढे जावे. नवव्या भागात चौघी न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहात सणाच्या जेवणाला एकत्र बसतात, तोवर यांपैकी बरीच प्रश्नचिन्हे खोडता येतील. जोआनाच्या नावापुढचे मात्र बहुधा तसेच राहील, कारण जेएलच्या मागणीला जॅनेटने नाही म्हटले आणि जनीनने हो म्हटले. आपल्या विश्वातली जी आहे, तिने स्पष्ट शब्दांत काहीच सांगितलेले नाही.